नदीतली डांगरवाडी

आमच्या गावाच्या नदीपात्रात दर उन्हाळ्यात एक बाई खरबुजाची, आमच्याकडे म्हणतात तशी डांगराची, वाडी लावायची. मी नगरपालिकेत कारकून. घरी जाताना तिच्याकडे थांबायचो. ती डांगर उचलून देठापाशी वास घ्यायची आणि म्हणायची, “आज नाई बाबू, परवा येजो.” कच्चं फळ तिने मला कधी विकलं नाही.

मग नदीकाठ सुधारायचा आराखडा मंजूर झाला. भिंत, बाग, खाण्याची दुकानं. वाडी हटवायची नोटीस मीच नेली आणि मीच वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी वाडी सपाट करायला मशीन यायच्या आधी गेलो, तर फुलावर आलेले वेल ती स्वतःच उपटत होती.

“मावशी, हे काऊन करून राह्यल्या?”

“म्या लावले, म्याच काढीन. मशीनले काय समजते?”

आता तिथे वर्ध्याहूनही लोक फिरायला येतात, दुकानं चालतात. परवा ती बागेच्या फाटकाबाहेर उभी दिसली. मी म्हटलं, “आत या, बाकावर बसा.”



“बसून करू काय, बाबू?”

एवढं म्हणून ती निघून गेली.