बाया अडखळल्या ती जागा

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायको होती तोवर तिच्याजवळही नाही. ती विचारायची — "खोलीचं दार कधीच काहून नाही लावत हो तुम्ही?" हवा येते, म्हणायचो. जबलपूरच्या ऐन थंडीतही हवाच येते म्हणायचो. मग ती आणखी एक रजई आणून द्यायची आणि झोपून जायची.

तुम्ही म्हणाल, मग आता काहून सांगून राहिला हा म्हातारा? मला कुणी पकडलेलं नाही. उलट शाल पांघरवली लोकांनी माझ्या अंगावर, फोटो काढले. कशासाठी? जुन्या कॅसेटी स्वच्छ करून दिल्या म्हणून. हसावं की काय करावं, सांगा.

चेरीतालला आमच्या लोकांचं एक छोटं वाचनालय आहे. आमचे बाप भंडारा-नागपूरकडून इथं फॅक्टरीत नोकरीला आले, त्यांनी वर्गणी काढून उभं केलेलं. पुस्तकं तर आहेतच, पण जुने फोटो, नाटकाची हँडबिलं, लग्नपत्रिका, बायांच्या गाण्यांच्या कॅसेटी — कुणी टाकून द्यायला निघालं की आमचे लोक वाचनालयात आणून ठेवायचे. नव्या सेक्रेटरीनं ठरवलं, हे सगळं इंटरनेटवर टाकायचं. आमच्या नातवंडांना मराठी समजते, बोलायला गेली की दुसऱ्याच शब्दाला हिंदीत घसरतात. त्यांनी निदान ऐकावं तरी, म्हणाला. चांगलंच होतं ते. आजही म्हणतो, चांगलं काम आहे.

कॅसेटी साहजिकच माझ्याकडे आल्या. तरुणपणी अख्ख्या मोहल्ल्यात टेपरेकॉर्डर माझ्याकडे, म्हणून मी टेपवाला. विहारात गाणाऱ्या बायांची गाणी मीच भरायचो. आणि काय तोरा होता माझा! कुणी खोकललं की टेप मागं घ्यायची, पुन्हा पहिल्यापासून. बाया वैतागायच्या, पण ऐकायच्या. टेपवाल्यासमोर कुणाचं काही चालायचं नाही.

सेक्रेटरीनं मला कॉम्प्युटरवर शिकवलं. कॅसेट लावायची, वायर जोडायची, गाणं सुरू झालं की पडद्यावर आवाजाची रेघ हलू लागते. कुठं स्कूटरचा हॉर्न, कुठं कुत्रं — ते नुसतं डोळ्यानंही दिसतं. तेवढं उचलायचं, पुसायचं, दोन टोकं जोडायची. माझा हात बसला त्यात. सेक्रेटरी म्हणायचा, "काका, क्या बात है, एकदम स्टुडिओसारखं झालं!" मी फुगायचो. या वयात कोण म्हणतं हो आपल्याला क्या बात है?

एक कॅसेट मात्र मी मुद्दाम ढिगाच्या तळाशी ठेवली होती. ती मी कधीच परत ऐकली नव्हती. पण तीच सगळ्यांना हवी होती — पार्बताबाईच्या आवाजातली जयंतीची गाणी. पार्बताबाईसारखं गाणारं पुन्हा कुणी झालं नाही आमच्यात. त्या कॅसेटवर एका गाण्याच्या मध्यात दार वाजतं. एक बाई बोलते. अर्धा मिनिटही नसेल. ते मी पुसलं.

झालं. एवढंच आहे, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. एवढंच आहे का पण?

तो एप्रिलचा महिना होता, जयंतीच्या आधीचा. माझ्या पुढच्या खोलीत बाया बसलेल्या. बाहेरचा आवाज नको म्हणून खिडक्या बंद, दाराला आतून कडी, पंखाही बंद. घामानं निथळत होत्या बिचाऱ्या. पार्बताबाई म्हणाली, "भाऊ, गाणं भरता का भाजून काढता आम्हाले?" सगळ्या खदखदून हसल्या. मग टेप सुरू केली, पार्बताबाईनं सूर धरला, ढोलकी लागली. काय जमलं होतं ते गाणं! आणि दार वाजलं.

ती सुशीला होती, पलीकडच्या घरातली. तिचा नवरा प्यायचा आणि तिला मारायचा. हे काही गुपित नव्हतं, भिंतीतून ऐकू यायचं सगळ्यांना. आणि तोच माणूस फॅक्टरीत माझा चार्जमन, माझ्या वरचा साहेब. माझा पर्मनंट व्हायचा कागद त्याच्या टेबलावरून जायचा होता. दारात सुशीला आली म्हणजे मागून तो येणार, आणि मला त्याच्यासमोर उभं राहावं लागणार — हे मला त्या एका क्षणात समजलं. डोकं फार झपाट्याने चालतं हो अशा वेळी. मी दार उघडलं नाही. गाणं पूर्ण भरलं.

दुसऱ्या दिवशी सुशीलाला दवाखान्यात नेलं. ती परत आली नाही. पायरीवरून पडली, असं तिच्या नवऱ्यानं सांगितलं. पोलीस आले तेव्हा मीही तेच सांगितलं — हां साहब, गिर गई थी. मी पर्मनंट झालो. तिची मुलगी अंगावर पिणारी होती, तिला मामा गोंदियाला घेऊन गेला. नवरा पुढं बदली घेऊन गेला आणि तिकडेच मेला. माझ्या घरी पेढे वाटले होते पर्मनंटचे. खाल्ले मी.

पुसलेली ती गाणी वाचनालयाच्या साइटवर चढली. पोरं मोबाइलवर लावू लागली, लग्नात लावू लागली. मी जिथं जाईन तिथं ते गाणं. लोक माना डोलवत असायचे आणि मी वाट पाहत बसायचो — आता येईल, आता दार वाजेल. वाजायचं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. पुसल्यावर तर जास्तच स्पष्ट ऐकू येऊ लागलं. एकदा भर मांडवात मी उठून दाराकडे गेलो. सून म्हणाली, "पापाजी, कहाँ जा रहे हो?" हवा खायला, म्हणालो.

आणि मग प्रज्ञा आली. सुशीलाची मुलगी. गोंदियाला शाळेत शिकवते, चाळिशी ओलांडलेली बाई. पार्बताबाई शेवटी शेवटी मुलाकडे गोंदियालाच होती. मरायच्या आधी तिनं प्रज्ञाला बोलावून सांगितलं होतं — तुझी आई त्या संध्याकाळी दारावर आली होती, टेप चालू होती, तिचा आवाज भरला असन त्याच्यात. साइटवर गाणं दिसल्याबरोबर प्रज्ञा रेल्वेत बसली आणि सरळ माझ्या घरी आली. जयभीम घातला, वाकून नमस्कारही केला. मला! मी पाय मागं घेतले.

"काका, आईचा एक फोटो आहे माझ्याकडे," ती म्हणाली, "पण आवाज नाही. कसा बोलायची, काहीच माहीत नाही मले. ते एवढं ऐकायचं होतं, बस."

मी म्हणालो, कॅसेटवर तसं काही नाही. पार्बताबाई फार म्हातारी झाली होती, तिला भास झाला असेल.

ती लगेच उठली नाही. मोबाइल काढला, गाणं लावलं, माझ्यासमोर. डोळे मिटून ऐकत राहिली. एका ठिकाणी थांबवलं, मागं घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा मागं घेतलं. मग मला विचारलं, "काका, इथं बाया अडखळल्या काहून?"

मी सुशीलाचा आवाज पुसला होता. पण तो ऐकून त्या बायांच्या गळ्याला जे झालं, ते कसं पुसणार होतो? ढोलकी चुकते तिथं. पार्बताबाईचा सूर खाली जातो. मग सगळ्या पुन्हा गाऊ लागतात, आधीपेक्षा मोठ्यानं. एवढ्या लोकांनी ते गाणं ऐकलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. तिच्या आलं.

"दम घेतला असन," मी म्हणालो.

तर आता ते सांगतो. मघाशी मी तुम्हाला अर्धवट सांगितलं. दार उघडलं नाही म्हणालो ना? त्या बाया उघडणार होत्या. पार्बताबाई गुडघ्यावर हात टेकून अर्धी उठलीही होती. मी तिच्याकडे पाहून हात हलवला — बसा. आणि दुसऱ्या हातानं खूण केली — गात राहा, मोठ्यानं. त्या गायल्या. माझ्या सांगण्यावरून गायल्या. सुशीलाचं पुढचं बोलणं त्या गाण्याखाली बुडावं म्हणून मी ते गाणं वापरलं. ज्या माणसानं आम्हाला मान वर करून उभं राहायला शिकवलं, त्याच्या जयंतीचं गाणं.

टेप बिघडू नये म्हणून? नाही हो. कुणी खोकललं तरी मी टेप मागं घेत होतो.

जाताना प्रज्ञानं विचारलं, "मूळ कॅसेट असन ना तुमच्याकडे?" मी म्हणालो, बुरशी लागली होती, फेकली. ती कॅसेट तेव्हा माझ्याच कपाटात होती, प्रज्ञा बसली होती तिच्या पाठीमागं. हात लांब केला असता तर मिळाली असती. "चलो, काही हरकत नाही," प्रज्ञा म्हणाली, "तुम्ही एवढं तरी जपलं." आणि गेली.

ती वाचनालयात जाऊन चौकशी करेल, कॅसेट शोधायला लावेल, याची मला धास्ती बसली. तिची गाडी सुटली असेल-नसेल, मी कॅसेट काढली, मशीनमध्ये घातली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि समोर बसून राहिलो, ती बाजू संपेपर्यंत. आता तिच्यावर माझी खोली आहे. पंखा आहे, माझा श्वास आहे. कॉम्प्युटरवरची पुसण्याआधीची पहिली नक्कलही काढून टाकली. म्हणजे जे आधी लपवलेलं होतं, ते आता नाहीच.

आवाज बसका होता तिचा, प्रज्ञाच्या आवाजापेक्षा जाड. ओरडली नाही ती. दाराला अगदी तोंड लावून बोलली असावी, कारण गाण्यातूनही ऐकू येत होतं. पोरगी कडेवर होती, तिचं कुरकुरणंही होतं मध्ये. सुशीला म्हणाली, "भाऊ, मी आहे जी. दार उघडा. पोरीले घेऊन कोपऱ्यात बसतो फक्त. तुमचं गाणं नाही मोडत मी."