आईचा आजार आणि ताईची सोयरीक

मी काही जाणता उपासक नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि तेवढ्या बळावर धम्मातल्या अनुभवाविषयी लिहायला बसलो आहे. वडीलधाऱ्यांनी सांभाळून घ्यावे.

तेंदूपत्त्याच्या हंगामात आईच्या बोटांनी पानांचा पुडा बांधला जाईना, तिथून सुरुवात झाली. नागपूरच्या डॉक्टरांनी मल्टिपल स्क्लेरोसिस असे नाव सांगितले. यात नसांवरचे आवरण खराब होत जाते आणि हातपाय बधिर पडू लागतात. तेवढ्यात ताईसाठी आलापल्लीहून आलेली सोयरीक अडली. मुलाचे वडील म्हणाले, "मायचा रोग लेकीत उतरते. डॉक्टरले विचारून या, मंग पाहू."

मी पुन्हा नागपूर गाठले. डॉक्टर म्हणाले, हा आजार आईकडून मुलांत सरळ उतरत नाही. धोका मात्र इतरांपेक्षा थोडा जास्त असतो. बहुतेकांना काही होत नाही, पण कोणाला होईल हे आज सांगता येत नाही. मी ते जसेच्या तसे आलापल्लीला जाऊन सांगितले.

"म्हणजे हो का नाई?" मुलाच्या वडिलांनी विचारले.

"तसं सांगताच येत नाई, भाऊ."

"मंग कॉलेजात काय शिकून राह्यला?"

घरी मावशी म्हणाली, "अंगात येते त्या पुजाऱ्याले विचार. तो तरी पक्कं सांगते." मी सगळ्यांवर वैतागलो होतो. डॉक्टरांवर, मावशीवर, आणि काही झालेच नाही अशी तांदूळ निवडत बसणाऱ्या ताईवरही.

पौर्णिमेला विहारात गेलो तो हीच चिडचिड घेऊन. वंदना चालू असताना डावा पाय बधिर झाला. झाले, मलाही आईचाच आजार आला, असे वाटून घाम फुटला. शेजारी धानोऱ्याकडची एक अनोळखी म्हातारी बसली होती. तिने माझा पाय धरून सरळ केला आणि हलकेच चोळला.

"मांडी घालून बसलं का मुंग्या येतेच, बापू. काऊन भेऊन राह्यला?"

मुंग्या गेल्या. कित्येक महिन्यांनी मला हसू आले. लहानपणापासून मी त्रिशरण म्हणत होतो, पण त्याच्या बदल्यात मनात काहीतरी मागतही होतो. त्या दिवशी काही मागितले नाही. जे सांगता येत नाही ते सोबत घेऊनच चालायचे आहे, एवढे उमगले. ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. तिचे उपकार आहेत.

काही दिवसांनी एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती आलापल्लीचा निरोप आला. मुलाने बापाला सांगितले होते, "तुमाले दमा, मायले साखर. तिच्या घरच्यायनं विचारलं काय? मले तीच पोरगी पाहिजे. तारीख काढा."