गुलाबाईच्या डब्यातलं पुस्तक

मी परकर-पोलक्यात होते तेव्हा बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या मराठी वाचनालयाच्या कमिटीला हरवलं. एकटीनं नाही, पण हरवलं. फुशारकी वाटत असेल तर वाटू द्या. या वयात मारायची नाही तर कधी मारायची?

वाचनालय शनवारा दरवाजाच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून होतं. बाहेर ओटा, ओट्यावर बुटक्या खिडक्या, आत एक लांब टेबल आणि टेबलाभोवती टोप्या नि पगड्या. कापसाच्या जिनिंगमधले कारकून, शाळामास्तर, सुताचे व्यापारी, सगळे संध्याकाळी तिथं पेपर वाचायला जमत. बाहेर राज्य इंग्रजांचं होतं, पण त्या चार भिंतींत राज्य चिटणिसांचं. ते वकील होते. नुसते खाकरले तरी लोक पेपरची घडी घालून ठेवत. बायका-मुलींनी आत यायचं नाही असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. लिहायची गरजच पडली नव्हती, इतका तो सगळ्यांना पाठ होता.

आत कोपऱ्यात काचेचं एक कपाट होतं. कोणा म्हाताऱ्या मास्तरांनी मुलांसाठी हौसेनं जमवलेली पुस्तकं मरण्याआधी वाचनालयाला दिली, ती त्या कपाटात. सभासद ती घरी नेऊ शकत, पण नेतंय कोण! सगळे म्हणायचे, पोरांनी शाळेची पुस्तकं वाचली तरी खूप झालं.

माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, जिनिंगच्या हापिसात कारकून होते आणि वाचनालयाचे सभासद होते. स्वतः पेपरापलीकडे काही वाचत नसत. एकदा माझा पाय मुरगळला आणि मी अंथरुणात पडून त्यांचं डोकं खाल्लं, तेव्हा वैतागून त्यांनी त्या कपाटातलं हाताला लागलं ते पुस्तक आणलं. एका नावाड्याच्या मुलीची गोष्ट होती. पूर येतो, बाप पलीकडच्या काठावर अडकतो, आणि ही अलीकडून एकटी नाव सोडते. तापीचा पूर मी दरवर्षी राजघाटावर उभी राहून बघत आलेले, पण या पुरानं माझी छाती धडधडायला लागली. आईनं जेवायला हाक मारली तर मी म्हटलं, थांब, ती बुडेल! आई हातातला झारा घेऊनच धावत आली, कोण बुडतंय म्हणून.

दुसऱ्या दिवशी दादांना म्हटलं, आता दुसरं आणा. मग तिसरं. पाय बरा झाला, खोड काही गेली नाही. अंधाराला भिणाऱ्या राजपुत्राचं आणलं, उंटांच्या तांड्यातून हरवलेल्या पोराचं आणलं, ताऱ्यांचं आणलं, कोड्यांचं आणलं. काही पुस्तकं अगदी रद्दी होती हो. पानोपानी उपदेश, आणि शेवटी खोटं बोलणाऱ्या मुलाला ताप येतो. मला तर कधीच आला नाही. पण जी चांगली होती ती अशी चांगली, की संपली की पुन्हा पहिल्या पानापासून.

आणि एके दिवशी संध्याकाळी दादा घरी आले ते तोंड पाडून. म्हणाले, "ते कपाट दिवाळीच्या आत रिकामं करणार आहेत. कायद्याची पुस्तकं ठेवायला जागा पाहिजे. मुलांची सगळी रद्दीत जाणार. चिटणीस म्हणाले, एका सभासदाशिवाय त्यांना कोणी हात लावत नाही."

"तो एक म्हणजे तुम्हीच ना? मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? खरंच आहे ते."

आमचे दादा असेच. समोरचा खरं बोलला की गप्प. मी मात्र त्या दिवशी जेवले नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटलेली. घरात पंचांग आणि आईच्या पोथ्या, त्यापलीकडे छापील अक्षर नाही. ते कपाट गेलं की माझं वाचणं संपलं, इतकं सरळ होतं ते. आई म्हणाली, "पुस्तकासाठी कोणी रडतं का गं?" मी म्हटलं, "रडत नाहीये, चिडलेय." दोन्ही चाललं होतं.

तेव्हा भादव्याची पुनव होऊन गुलाबाई बसलेल्या. आमच्या खानदेशी मुलुखात गुलाबाईची मातीची मूर्ती घरोघर बसते, ती कोजागिरीपर्यंत. रोज संध्याकाळी आळीतल्या मुली या घरून त्या घरी जाऊन गाणी म्हणतात. गाणी झाली की त्या घरचा खाऊ येतो, पण झाकण लावलेल्या डब्यात. डबा हलवून, वाजवून आत काय आहे ते ओळखायचं, मगच खायचं. कोणालाच ओळखता आलं नाही की त्या घरच्या बाईचा दिमाख बघून घ्यावा!

आमच्यात डबा ओळखण्यात एक पोरगी उस्ताद होती. मूळची दापोरा गावची, म्हणून सगळे तिला दापोऱ्याचीच म्हणत; आमच्या शेजारी मामाकडे राहायला आलेली. मामा सुताचे व्यापारी, मोठ्या मिशांचे. आई वारल्यावर बापानं तिला शहरात मामीच्या हाताखाली ठेवलं होतं. ती डबा कानाशी धरायची, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलवायची आणि सांगून टाकायची, "फुटाणे, अन् त्यात चार खोबऱ्याचे तुकडे." निघायचेही तेच. तिच्यामुळं आळीतल्या बायका टेकीला आल्या होत्या.

दोन दिवसांनी आमच्या घरची पाळी आली तेव्हा मी आईचा पितळी डबा घेतला आणि त्यात पुस्तक घातलं. तेच, नावाड्याच्या मुलीचं. दादांकडून पुन्हा मागवून घेतलं होतं.

डबा फिरला. नुसता धप्प धप्प आवाज. कोणी म्हणालं गुळाची ढेप, कोणी म्हणालं बर्फीची वडी जमून दगड झाली असेल. दापोऱ्याचीनं डबा दोन्ही कानांना लावला, हुंगला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हरली. मी झाकण काढलं. काय गलका झाला! "हे काय खायचं?" "हिच्या आईनं काही केलंच नाही वाटतं!" आई आतून ओरडली, "केलंय गं बायांनो, दराब्याचे लाडू केलेत, हिचं काय चाललंय देव जाणे!"

दापोऱ्याची तर डोळे वटारून उभीच राहिली. "मले वाचायचा कंटाळा येते. थू अशा खाऊवर!"

"वाचू नको," मी म्हटलं. "बस आणि ऐक."

आता इथं माझं डोकं कसं चाललं ते सांगते, कारण पुढं जन्मभर मी तेच करत आले. पुस्तक चांगलं आहे, असं मुलाला कधी सांगू नये. चांगलं म्हटलं की त्याला एरंडेलाचा वास येतो. त्यातून काय शिकायला मिळतं हे तर चुकूनही बोलू नये. समोरच्या पोराकडे बघावं. हे कशाला हसतं, कशानं गप्प होतं, कुठं त्याचं दुखतं. दापोऱ्याचीला मी राजघाटावर बघितलं होतं. धुणं बाजूला टाकून ती नदीच्या वरच्या अंगाला, दापोऱ्याच्या बाजूला, बघत बसायची. तिचा बाप तिकडं होता.

म्हणून मी तेच पुस्तक काढलं होतं. बाप पलीकडे, मुलगी अलीकडे, मध्ये लाल पाणी. मी सांगत गेले, मुली सरकत सरकत जवळ आल्या. नाव निम्म्या पात्रात आली, समोरून उपटलेलं झाड वाहत आलं, दोर त्याच्या फांदीत अडकला, नाव कलंडायला लागली. आणि मी डब्याचं झाकण लावलं.

"पुढं?" सगळ्या एकदम.

"पुढचं पुस्तकात आहे. पुस्तक वाचनालयात आहे. तुमचे बाप, मामा, काका सभासद आहेत."

दापोऱ्याचीनं माझी वेणी धरली. खरंच धरली, आणि ओढली. "ती पोहोचते का बापाकडे, तेवढं सांग." तिचे डोळे भरले होते. मला इतकं वाईट वाटलं की सांगून टाकणार होते. पण मन घट्ट केलं आणि म्हटलं, "मामाला सांग."

तेव्हापासून रोज कुठल्या ना कुठल्या घरी, खाऊच्या आधी, डब्यातून एक पुस्तक निघायचं. भित्र्या पोरीच्या घरी अंधाराला भिणारा राजपुत्र. सासरी जायच्या भीतीनं गप्प झालेल्या एका मोठ्या मुलीच्या घरी तांड्यातून हरवलेला पोरगा. मी ऐन रंगात आणायची आणि झाकण लावायची. मग त्या पोरी घरी जाऊन बापाचा पिच्छा पुरवायच्या. बाप आधी ओरडले, मग कंटाळले, मग गेले वाचनालयात.

चिटणिसांना हे झोंबलं. टोपीवाले नि मिशांवाले लोक येऊन खाली मान घालून विचारायला लागले, "ते राजपुत्राचं आहे का हो?" चिटणिसांनी हुकूम काढला. कपाट निकालात निघालेलं आहे, आता त्यातलं पुस्तक वाचनालयाबाहेर जाणार नाही. ज्याला वाचायचं त्यानं इथं बसून वाचावं. त्यांना वाटलं, झालं, मिटलं.

मलाही तसंच वाटलं. मी आईच्या कुशीत शिरून म्हटलं, हरलो. पण चिटणीस काय नि मी काय, दोघांनीही बुऱ्हाणपूरच्या पोरींचा हट्ट ओळखला नव्हता. पुस्तक आणता येत नाही? मग वाचून या आणि सांगा!

आणि पुरुष बसले वाचायला. पेपर पडला बाजूला. घरी जाऊन जेवताना गोष्ट सांगायची, आणि ती पण काय सांगायचे, हरे राम! दापोऱ्याचीच्या मामांनी चार वाक्यांत आटपलं, "नाव निघाली, पोहोचली, बाप भेटला, बस." ती घास टाकून उठली. "दोर कोणी तोडला? झाडाचं काय झालं? नाव पाण्यानं भरली का नाही?" मामांना काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचनालय. असं दोनदा झाल्यावर ते मन लावून वाचायला लागले. ज्या दिवशी त्यांनी सगळं नीट सांगितलं, त्या दिवशी दापोऱ्याची भिंतीवरून उडी मारून आमच्याकडे आली आणि मला मिठी मारून म्हणाली, "पोहोचली व माय, पोहोचली!" आणि ढसाढसा रडली. मामांनी पुढच्याच रविवारी छकडा जोडून तिला बापाला भेटवून आणलं.

कोजागिरी झाली आणि कमिटीची सभा भरली. आम्ही सगळ्या मुली बाहेर ओट्यावर चढून खिडक्यांना नाकं लावून उभ्या. ओट्यावर उभं राहायला कोणाची मनाई नव्हती. चिटणीस उठले, खाकरले आणि ठराव वाचायला लागले. "मुलांच्या कपाटास वाचकच नसल्यामुळे..."

कोणी वर बघितलंच नाही. अर्ध्या टेबलावर मुलांची पुस्तकं उघडी होती. चिटणीस पुन्हा खाकरले. तेव्हा दापोऱ्याचीचे मामा हात वर करून म्हणाले, "वकीलसाहेब, एक मिनिट थांबा. उंट सापडलाय, पोरगा सापडायचाय."

असा हशा पिकला म्हणता! ओट्यावर आम्ही एकमेकींच्या अंगावर पडलो. आणि मग आमचे दादा उठले. खरं ऐकलं की गप्प बसणारे माझे दादा! म्हणाले, "साहेब, मागं तुम्ही म्हणालात की एकच सभासद ही पुस्तकं नेतो. तेव्हा खरं होतं, मी बोललो नाही. आज तसं म्हणाल तर ते खोटं होईल." आणि बसले. माझ्या अंगावर काटा आला, आता लिहितानाही येतोय.

चिटणीस दुष्ट नव्हते. त्यांनी टेबलाकडे एकदा बघितलं, चष्मा काढला, ठरावाचा कागद घडी करून खिशात टाकला आणि म्हणाले, "कपाट राहील. पुस्तकं घरी न्या. कायदा मी माझ्या घरी ठेवतो." आम्ही ओट्यावर नाचलो. मग त्यांनी विचारलं, "पण हे सुरू कोणी केलं?" सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. दापोऱ्याचीनं मला पुढं ढकललं.

ते खिडकीपाशी आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण आवाज उतरवून म्हणाले, "माझी एक नात आहे, आठ वर्षांची. कशातच मन लागत नाही तिचं. तिला कोणतं देऊ?"

"ती कशाला हसते?"

ते विचारात पडले. "हसते म्हणजे... सगळी मुलं हसतात तसं."

"आणि भिते कशाला?"

त्यांना ठाऊक नव्हतं.

"मग तिला घेऊन या," मी म्हटलं. "तिला बघितल्याशिवाय मी नाही सांगणार."

"कुठं आणू?"

"इथं. कपाटापाशी. आणि मलाही कपाटापाशीच यावं लागेल. खिडकीतून मला पुस्तकांची नावं दिसत नाहीत."

दादांनी डोळे मिटून घेतले. चिटणिसांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यामागं ओटाभर दाटलेल्या पोरींकडे बघितलं, आणि टेबलाकडे परत गेले. घरी आई म्हणाली, "जास्त बोललीस." मी म्हटलं, "बोलले."

पुढच्या रविवारी ते आले. नातीचा हात धरून, भर रस्त्यातून, सगळ्यांच्या देखत. नातीचे गाल फुगलेले, पुढचे दोन दात पडलेले. ओट्यावर आम्ही होतोच. दाराशी आल्यावर ते थांबले, बाजूला झाले आणि आम्हाला म्हणाले, "चला गं, आत चला."

दापोऱ्याचीनं माझा हात पकडला आणि आम्ही उंबरा ओलांडला. आत टोप्या-पगड्या सरकल्या, वाट झाली. मी त्या फुगलेल्या गालांकडे नीट बघितलं, आणि कपाट उघडलं.