अठरा पूर्ण, वर चार दिवस

किस्से कोणी मागत नाही, तरी साठतात. आमच्या स्वयंपाकघरात तांदूळ निवडायला तिघी बसलो की एखादा निघतोच. मी आदिलाबादला मुलांच्या निरीक्षणगृहात स्वयंपाक करते. अठरा वर्षांखालचं मूल गुन्ह्यात सापडलं की निकालापर्यंत इथे ठेवतात. मला मराठी आणि तेलुगू दोन्ही येतं, म्हणून दुभाषी म्हणूनही मलाच बोलावतात. हात पुसून जाते.

आज सांगते ते सगळे सुमेधचे. बेला गावाकडचा, अंगानं काडी. चुलतभावाच्या मोटरसायकलवर मागे बसला आणि गाडी निघाली चोरीची. भाऊ पळाला, हा सापडला.

• • •

पहिल्याच दिवशी आमच्या सुपरिंटेंडेंट सारांनी नियम समजावले. इथे कैदी म्हणायचं नाही, मूल म्हणायचं. कोठडी म्हणायचं नाही, खोली म्हणायचं.

सुमेधनं सगळं ऐकून घेतलं आणि मला हळूच विचारलं, "मंग मावशी, खोलीले भायेरून कुलूप काऊन?"

मी सारांना विचारलं. सार म्हणाले, "त्याच्याच सुरक्षेसाठी." मी ते सुमेधला सांगितलं. तो हसला. रात्री कुलूप लागलं.

• • •

मुलाचा स्वभाव, घरची परिस्थिती लिहायला एक अधिकारी आले. खरं तर मुलाच्या गावी जायचं असतं, पण रस्ता खराब म्हणून इथेच टेबलावर तेलुगूत विचारून लिहू लागले. मी तेव्हा भाताचं पाणी काढत होते, मला कोणी बोलावलं नाही. सुमेध मराठी शाळेत शिकलेला. बाजारातलं तेलुगू त्याला कळतं, ऑफिसातलं नाही. काही कळलं नाही की तो हसतो.

अधिकाऱ्यांनी लिहिलं, "मुलाला पश्चात्ताप नाही. गंभीर प्रश्नांना हसतो."

• • •

मग तपासणी आली. त्या दिवशी कपाटातला कॅरम बाहेर निघतो. त्यावरचं प्लास्टिक काढायचं नसतं, पुढच्या तपासणीला नवा दिसायला हवा. मुलं प्लास्टिकवरच खेळत होती. सोंगट्या पुढे सरकत नव्हत्या.

तपासणीला आलेल्या बाईंनी सुमेधला तेलुगूत विचारलं, "काही कमी आहे का, बाळा?"

तो म्हणाला, "सात हप्ते झाले. मले घरी कवा सोडता, येवढं सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. सार माझ्या कानाशी म्हणाले, "बोलो, खुश है."

मी तसंच सांगितलं. पोळी करपली तर मला रात्रभर झोप लागत नाही. त्या रात्री मात्र लागली, याचीच लाज वाटते.

• • •

सात हप्ते लागले ते वयामुळे. शाळेच्या दाखल्यावर जूनची तारीख होती. आमच्याकडच्या अर्ध्या मुलांची तीच असते, नाव लिहिताना हेडमास्तर लावून देत. त्या तारखेप्रमाणे, मोटरसायकलवर बसला त्या दिवशी सुमेधला अठरा पूर्ण होऊन वर चार दिवस झाले होते. कागद खरा धरला तर तो मोठा. म्हणजे मोठ्यांचं कोर्ट, मोठ्यांचा जेल.

त्याची आई भाजीची टोपली शेजारणीकडे ठेवून बाल न्याय मंडळापुढे आली. मी दुभाषी.

"माहं लेकरू साडेसोळाचं हाय," ती म्हणाली. "पोरगी सहाची झाली, शाळा नाल्यापलीकडं. एकटी जायले भ्यायची. म्हून याचंई वय सहा सांगतलं अन् दोघायलेबी संगच घातलं. तो तवा साडेचारचा होता."

"जन्माचा दाखला?" मंडळाच्या मॅजिस्ट्रेट मॅडमनी विचारलं.

"पहिली दोनई बाळंतपणं माहेरी झाली, पैनगंगेपल्याड. घरीच. दाखला कोन देईन?"

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनी फाईल मिटली, पुन्हा उघडली. "कायद्यानं आधी शाळेचा कागद पाहायचा," त्या म्हणाल्या. मग आईला विचारलं, "तुम्ही खोटं तेव्हा बोललात की आता?"

मी मराठीत सांगितलं, जमेल तितक्या हळू आवाजात.

आई म्हणाली, "तवा, बाई. तवा शिकवाचं होतं."

हे शब्द मी बरोबर सांगितले. तेही लिहून घेतले गेले. आईनं स्वतःच खोटी माहिती दिल्याचं कबूल केलं, असं. वय कागदाप्रमाणे धरलं.

• • •

दोन दिवसांनी व्हॅन आली. हवालदार वयस्कर होते, वारंट हातात. सुमेध दारात उभा होता आणि ते त्याच्यामागे बघत होते.

"जेलला न्यायचाय तो कुठाय?"

"हाच," सार म्हणाले.

हवालदारांनी वारंट पुन्हा वाचलं. मग त्याचा उजवा हात धरून बेडी घातली. बेडी जुनी होती, शेवटच्या खाचेपर्यंत आवळली तरी मनगटावरून घसरून बोटांवर आली. दुसऱ्या हाताला लावून पाहिली. तिथूनही घसरली, तेव्हा परत उजव्यातच घातली.

हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, वरून धरून ठेव. रस्त्यात पडली तर मला जवाब द्यावा लागेल."

सुमेधनं डाव्या हातानं उजव्या मनगटावरची बेडी वर सरकवली, घट्ट धरली, आणि व्हॅनमध्ये चढला.