बधिर खांदा

खांद्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांनी मानेजवळ सुई देऊन माझा उजवा हात बधिर केला. दुसऱ्या दिवशी सकाळी काळेवाडीला घरी आलो, तरी तो गळ्यातल्या झोळीत परक्यासारखा पडून होता. तीस वर्षं कंपनीत प्रेस मशीन चालवून झिजलेला खांदा पहिल्यांदाच गप्प होता.

सून गोळी घेऊन आली. "बधिरपणा उतरायच्या आत घ्यायचीय, मामा."

"दुखतच न्हाई, तर गोळी कशाला?"

"मशीन बंद पडल्यावर तेल घालत होता का?"

मी तोंड फिरवलं. खरं कारण तिला सांगता येईना. शिफ्टवरून आलो की बायको पळीत तेल तापवून हाच खांदा चोळायची. "हात आणला का घरी, का ठेवला प्रेसखाली?" असं रोज विचारायची. ती गेल्यापासून खांदा ठणकला की तिचा अंगठा आठवतो. ठणकाच नसला तर तिला शोधू कुठं?

दुपारी बोटांना मुंग्या आल्या आणि मग असा ठणका उसळला की डोळ्यांपुढं अंधारी आली. मी दात आवळून बायकोच्या अंगठ्याची वाट बघितली. पण हा ठणका टाक्यांचा होता, तिच्या ओळखीचा नव्हता. शेवटी सुनेला हाक मारून गोळी मागितली.