बटाटा सोलायची परीक्षा

ला पाझ शहराभोवतीच्या उंच डोंगरांत माणसं फिरवणारे पुष्कळ, पण बासिलियाबाई चोके कायम सगळ्यांच्या मागे चालतात. "पुढे चाललं की वाट दिसते. मला माणसं बघायची असतात," म्हणतात. घेरदार परकर, डोक्यावर गोल टोपी, वय अठ्ठावन्न. वीस वर्षं शिखरांवर जाणाऱ्यांची पातेली पाठीवर वाहिली, दुसऱ्यांसाठी रांधलं. मग एके दिवशी पातेली खाली ठेवली आणि शहरातल्या लोकांना स्वतःच रविवारी डोंगरात न्यायला लागल्या. मी बारा वर्षं त्यांच्या मिनीबसवर ड्रायव्हर आहे. त्यांनी मला जितक्या शिव्या घातल्यात, तितक्या माझ्या बायकोनेही घातल्या नसतील.

यंदा सरकारचा नियम निघाला की वाटाड्याचा बिल्ला असेल त्यानेच माणसं न्यायची, आणि बिल्ल्यासाठी परीक्षा. दहा जणांना दुपारच्या आत काळ्या तळ्यापर्यंत न्यायचं. जमलं नाही तर बाईंना परत दुसऱ्यांची पातेली उचलावी लागणार. त्या निवांत होत्या. मीच चारदा टायर तपासले.

परीक्षक विल्मर तिकोना आमच्याच वस्तीतला. चार वर्षं खाली सपाटीवरच्या सांताक्रूझ शहरात नोकरी करून शुक्रवारी विमानाने परतला, आणि रविवारी आमच्या गाडीत.

"साहेब, इथली हवा विरळ. अजून दोन-चार दिवस दम खा, मग चढा," बाई म्हणाल्या.

"ते परदेशी पाहुण्यांना सांगा! माझी नाळ इथे पुरलीय."

"नाळ आहे हो इथे. फुप्फुसं सांताक्रूझला राहिलीत त्याचं काय?"

गाडीत हशा पिकला. विल्मर इरेला पेटला आणि चढावर सगळ्यांच्या पुढे पळत सुटला. गाडी लावून मीही निघालो होतो.

दोन तासांनी बाईंनी सगळ्यांना बसवलं, पाठीवर बांधलेलं गाठोडं सोडलं आणि उकडलेले बटाटे वाटले. ज्याचा त्याने सोलायचा. बाईंची तपासणी म्हणतात ती हीच. विरळ हवा बाधली की आधी बोटं चुकतात. ज्याची चुकली, तो खाली जातो.

विल्मरने बटाटा खिशात टाकला. "भूक नाही."

आमच्याकडचा माणूस आणि बटाट्याला नाही म्हणतो? बाई उठून त्याच्यासमोर बसल्या. "सोला."

"अहो बाई, परीक्षा तुमची आहे का माझी?"

"सोला म्हणते ना!"

त्याने सोलायला घेतला. सालीबरोबर निम्मा बटाटाच मातीत पडला. ओठ निळे पडले होते.

"चला, सगळे खाली," बाई म्हणाल्या.

तळं जेमतेम चाळीस मिनिटांवर होतं! मी म्हटलं, "बाई, ह्यांना मी उतरवतो, तुम्ही पुढे व्हा."

"एकट्याने? हा वाटेत कोसळला तर काय करशील, हॉर्न वाजवशील? दोघं लागतील धरायला. आणि ह्या माणसांना मी वाऱ्यावर सोडणार नाही."

"तळ्याला पोहोचला नाहीत तर मला नापास लिहावं लागेल," विल्मर अडखळत म्हणाला.

"लिहा की. तुमची आई मला पास का नापास विचारणार नाही, पोरगा कुठाय विचारेल."

दहाच मिनिटांत तो भडाभडा ओकला. एक खांदा बाईंचा, एक माझा, असं करत उतरवला. शहरात पोहोचेपर्यंत त्याचे डोळे निवळले. मग त्याने कागद काढला. 'ठरल्या ठिकाणी पोहोचले का?' ह्या रकान्यावर पेन थबकलं.

"साहेब, 'हो' लिहून टाका ना, कोण बघतंय!" मी म्हटलं.

पाठीत धपाटा बसला. "गप रे! पोहोचलो नाही तर नाहीच लिहायचं."

विल्मरने 'नाही' लिहिलं. मग खाली, शेऱ्याच्या जागी, तो बराच वेळ लिहीत राहिला आणि कागद बाईंपुढे धरला. 'परीक्षक आजारी होता. ते त्याला कळलं नाही, ह्यांना कळलं. ह्यांना बिल्ला द्यावा.' खाली त्याची सही.

मला रडूच आलं. बाईंनी ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं आणि कागद परत दिला.

"परीक्षक हट्टी होता, तेही लिहा."

विल्मरने मुकाट्याने लिहिलं. गुरुवारी बिल्ला आला.