भवानीला आलेला चोर

माझा धंदा कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही आणि उधार द्यायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. भवानी, म्हणजे ही पहिली विक्री, मोडली की दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

त्या मुडद्यानं नेमका सकाळीच फोन केला. "मावशी, कॅन्टीनसाठी दोनशे भाकरी पाहिजेत. ॲडव्हान्स पाठवतो." कोड पाठवला, म्हणे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. भवानीचं गिऱ्हाईक, नाही कसं म्हणू? पिठाचे हात पदराला पुसले आणि टाकला पिन. लेकीच्या नर्सिंगच्या फीचे पैसे गेले की खात्यातनं!

वर तोच म्हणतो, "चुकून झालं मावशी. परत पाठवतो, आणखी एकदा पिन टाका."

लेकीनं पैसे गेल्याचा मेसेज बघून कपाळावर हात मारला, माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, पैसे घ्यायला पिन लागतच नाही गं! पिन टाकला म्हणजे आपणच दिले."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! पण फोन ठेवला नाही. लेकीला खुणेनं बाहेर पिटाळलं. तिनं तिच्या फोनवरनं सायबर हेल्पलाइनला कळवलं, मग बँकेला. तोवर मी वेड पांघरून पेडगावला. "थांब रे बाळा, चष्मा सापडंना." "तव्यावर भाकरी करपतीय की." "पिनचा आकडाच आठवंना बघ." दुसऱ्या घासाच्या आशेनं मेला पहिला घास गिळायचा विसरला. लेकीनं दारातनं मान हलवली तशी मी तोंड सोडलं. त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. गल्ली गोळा झाली, झाली तर झाली.

पैसे त्याच्याच खात्यात अडकले आणि ते खातं गोठवलं गेलं. परत मिळवायला बँकेत लई चकरा झाल्या. मी प्रत्येक चकरेला ठेवणीतलं लुगडं नेसून गेले. शेवटी पैसे मिळाले, फी भरली.

मग एका सकाळी पुन्हा त्याचाच फोन. आवाज पार उतरलेला. "मावशी, तक्रार मागं घ्या ओ. सगळे पैसे अडकलेत. घरात भाकरी नाही."

खरं सांगते, काळजाला असा गारवा कधी मिळाला नव्हता. पैसे गेले त्या दिवशी माझी लेक फीच्या काळजीनं उपाशी झोपली होती, ते मी विसरले नव्हते.

"भाकरी पाहिजे व्हय?" मी म्हणलं. "देते की. पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहते, ये घ्यायला. पण रोख आण. भवानीला आमच्यात उधार नसतंय."